हॉर्न नसलेल्या गाडीने सुरगाण्याला

कमलच्या लग्नाला सरळ एसटीने का गेला नाहीत, असं परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो. प्रश्न बरोबर आहे. नाशिकहून सुरगाण्याला बस जाते, आणि बोरगावपर्यंत तर काही ना काही मिळतंच. पण माझ्या दारात गाडी उभी होती. पांढरी, छोटी, जुनी. आधीच्या मालकाने मागच्या काचेवर चिकटवलेलं मोरपीस घासूनही निघालं नव्हतं. तरी ती माझ्या नावावर होती, आणि तिला घेऊन मी अजून त्र्यंबकच्या पलीकडे गेले नव्हते. लग्नाचं आमंत्रण आलं तेव्हा मी तारखेच्या आधी नकाशा पाहिला.

कमल, नसरीन आणि मी सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात एकाच टेबलावर कंट्रोल पॅनल जोडायचो. पंप, पिठाची गिरणी, लिफ्ट, ज्याला ज्याला मोटर आहे त्याची ती लोखंडी पेटी. आत फ्यूज, रिले आणि वायरींचं जंगल. रिले म्हणजे साधी काडेपेटीएवढी डबी असते. बटण दाबलं की तिच्या आतले दोन ठिपके, म्हणजे कॉन्टॅक्ट, 'टक' करून एकमेकांना टेकतात आणि मोटरला वीज मिळते. दिवसभर आमच्या कानात तोच टक-टक आवाज असायचा.

नसरीन मालेगावची, कमल सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. दोघी सातपूरला एकाच खोलीत राहायच्या. नसरीनचे अब्बा लेकीला भेटायला आले की दोघींसाठी डबा आणायचे, दोघींना सारखंच रागवायचे. कमलचं लग्न ठरल्यावर त्यांनी जाहीर केलं की हिच्या हळदीची साडी मी स्वतः विणणार, तीही हातमागावर. त्यांच्या घरात आता वीजमाग आहेत. जुना हातमाग मागच्या खोलीत कित्येक वर्षं अंगावर चादर घेऊन बसला होता. त्यांनी तो खरंच उघडला.

म्हणून माझा रस्ता असा वाकडा झाला. शुक्रवारी नाशिकहून लासलगावला जायचं, मावशीकडून लग्नासाठी कांद्याचं पोतं घ्यायचं, तिथून मालेगावला नसरीन आणि साडी घ्यायची, आणि शनिवारी सटाणा-कळवणवरून घाट चढून हळदीच्या आधी कमलच्या दारात पोचायचं. दादा म्हणाला, "हा रस्ता आहे की प्रदक्षिणा?" मला तर ती प्रदक्षिणाच हवी होती.

लासलगाव

मे महिन्यात लासलगावला पत्ता विचारावा लागत नाही. कांद्याच्या ट्रॅक्टरमागे लागायचं, आपोआप पोचतो. उन्हाळ कांद्याचे दिवस. रस्त्यावर, पुलावर, पेट्रोल पंपावर लालसर सालं उडत होती, आणि वास असा की थोड्या वेळाने तो येईनासा होतो. मावशीचं घर बाजार समितीच्या मागच्या गल्लीत. तिने पिठलं-भाकरी वाढली, वर फोडलेला कांदा ठेवला आणि म्हणाली, "लग्नाला पोतं नेतेस तर निवडून ने. लगेच खाल्ला जाईल असा नको, टिकेल असा ने. उरला तर तिच्या आईला पावसाळाभर पुरेल."

पोतं डिकीत घालून निघाले आणि लिलाव सुटण्याच्या गर्दीत सापडले. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंना रिकाम्या ट्रॉल्या. काचा बंद, एसी चालू, मी मजेत. ट्रॅक्टरवाले एकमेकांना आजचा भाव ओरडून सांगत होते, मी ऐकत होते. मग एक गोडसर, करपल्यासारखा वास आला. समोर पाहिलं तर तापमानाचा काटा, जो एरवी मधोमध झोपलेला असतो, लाल रेघेच्या दिशेने निघाला होता.

शेजारच्या ट्रॅक्टरवरचा माणूस वाकून म्हणाला, "ताई, बंद करा गाडी. लय तापलीय."

मी कशीबशी बाजूला घेतली. त्याने खाली उतरून बॉनेट उघडायला मदत केली, पाण्याची बाटली आणली आणि सरळ रेडिएटरच्या टोपणाला हात घातला.

"दादा, नका," मी म्हटलं. "गरम असताना उघडलं की आतलं उकळतं पाणी अंगावर येतं."

"मग काय करायचं?"

"थांबायचं."

तोही थांबला, हे मला फार आवडलं. त्याचा कांदा विकून झाला होता, भाव बरा मिळाला होता, घाई नव्हती. आम्ही कडुनिंबाखाली बसून कलिंगड खाल्लं. गाडी निवल्यावर मी टोपणावर फडकं टाकून ते हळूच फिरवलं. दोघांनी आत डोकावलं. पाणी काठोकाठ.

"पाणी तर हाय," तो म्हणाला आणि गाडीने आपल्याला फसवल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला. "मग आता थांबू नका कुठं. निघा तशा."

त्याचा सल्ला अगदी लागू पडला. मोकळ्या रस्त्याला लागले आणि काटा आपोआप खाली आला, मधोमध जाऊन बसला. चांदवडचे डोंगर उजेडात लखलखत होते. वाटलं, बरी झाली बाई.

मालेगाव

मोसम पुलावर परत गर्दी, परत काटा वर. आता मला ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या सरांचं एक वाक्य आठवलं, जे तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं होतं: गाडी तापली तर हीटर लावा, इंजिनाची उष्णता आत ओढली जाते. मे महिना, दुपार, मालेगाव. मी एसी बंद केला, चारही काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. पायांवर भट्टी उघडल्यासारखं झालं. शेजारच्या रिक्षावाल्याने आत हात घालून बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात काढून घेतला. पण काटा उतरला. घामाने निथळत, विजयी मुद्रेने मी नसरीनच्या गल्लीत शिरले.

नसरीन मला नेहमी सांगायची की आमच्याकडे ये, मागांचा आवाज ऐक, आधी डोकं उठेल आणि मग त्याच्याशिवाय झोप येणार नाही. आणि मी पोचले शुक्रवारी. शुक्रवारी मालेगावचे माग बंद. पूर्ण गल्लीत शांतता, पोरं क्रिकेट खेळतायत, बायका ओट्यावर. आमच्याकडे रविवारी असते तशी दुपार, फक्त दोन दिवस आधी आलेली.

अब्बांनी साडी दाखवली. गडद पिवळी, सुती, लाल काठ, काठात बारीक भाताच्या लोंब्या. वीजमागावर असलं काम होत नाही असं नाही, ते म्हणाले, पण त्यात विणणाऱ्याचा हात दिसत नाही. एका जागी काठ केसभर सरकला होता. त्यांनी तोही बोट ठेवून दाखवला. "हे लपवलं नाही. कमलला सांग, इथे मला खोकला आला होता."

नसरीनच्या अम्मींनी दाल-गोश्त आणि मोठमोठ्या रोट्या वाढल्या. जेवताना मी गाडीची तक्रार सांगितली, पाण्याची, वासाची, हीटरची. अब्बा ऐकत होते.

"बेटी, माग अडला की मी आधी धागा नाही बघत," ते म्हणाले. "कधी अडला ते बघतो. तुझी गाडी कधी तापते?"

"उभी राहिली की. चालायला लागली की उतरते."

माझंच वाक्य माझ्या कानावर पडलं. मी नसरीनकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. गाडी धावते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरमधून जातो. उभी राहिली की वारा नाही, मग तो वारा कुणी द्यायचा?

"पंखा," नसरीन म्हणाली आणि हात न धुताच उठली.

आम्ही गल्लीत येऊन बॉनेट उघडलं, ओढण्या आणि बोटं लांब ठेवून इंजिन चालू केलं आणि बघत राहिलो. रेडिएटरच्या मागे काळ्या पात्यांचा पंखा गप्प बसलेला. एसी लावला, कारण एसी लावला की तो फिरायलाच हवा. नाही. काटा मध्य ओलांडून वर निघाला तरी पातं हललं नाही. मला इतका आनंद झाला की मीच चकित झाले. गाडी बिघडली होती, उद्या घाट होता, आणि मी लॉटरी लागल्यासारखी नसरीनच्या पाठीत थापा मारत होते. कारण आता ती नुसती तापणारी गाडी राहिली नव्हती. एक मोटर होती आणि ती मोटर लागत नव्हती. हे तर आमचं रोजचं काम.

फ्यूज काढून बघितला, शाबूत होता. तेवढ्यात अंधार पडला. गॅरेजं बंद, शनिवारी उघडायला उशीर, आणि हळद संध्याकाळची. नसरीनने निकाल दिला. "चालत राहिली तर तापत नाही ना? मग चालत राहू. तांबडं फुटायला निघू."

सटाणा, कळवण

निघालो तेव्हा हवेत गारवा होता. मागच्या सीटवर साडीची पिशवी, चिवड्याचा डबा आणि मांडवासाठी घेतलेली दिव्यांची माळ. सटाण्याच्या अलीकडे रस्त्याकडेला चहा घेतला, अर्थात इंजिन बंद करून. चहावाल्या मावशींनी आम्हा दोघींना बॉनेट उघडून आत डोकावताना बघितलं.

"काय व्हयनं वं ताई?"

"गाडी तापते, मावशी."

"गाडी नवी शे का?"

"मला नवी, मावशी."

त्या खूप हसल्या आणि त्यांनी दोघींच्या कपात आणखी चहा ओतला. इथली बोली नसरीनला कळते, मला अर्धी कळते, पण 'आहे'च्या जागी 'शे' ऐकलं की वाटतं वाक्याच्या शेवटी कुणी हलकेच दार लावलं. डाळिंबाच्या बागा संपल्या, कळवण गेलं, अभोणा गेलं, डोंगर जवळ आले. काटा मधोमध.

अभोण्याच्या पुढे एका फाट्यावर एक म्हातारे गृहस्थ जीपची वाट बघत उभे होते. पांढरं धोतर, डोक्याला गुलाबी फेटा, काखेत कापडात गुंडाळलेली लांब वस्तू. नसरीनने काच खाली केली. "बाबा, कुठं?"

"लगनाला." त्यांनी कापडाची गाठ सोडून सनईचं तोंड दाखवलं. "वाजवाया."

त्यांनी पाड्याचं नाव सांगितलं. तेच. नवरीचं नाव सांगितलं. तीच. त्यांचं नाव सोमाबाबा. साडीची पिशवी मांडीवर घेऊन ते मागे बसले आणि गाडीला 'चल' म्हणावं तसा त्यांनी सीटवर हात थोपटला.

घाट

चालत राहायचं हा बेत घाटाने पहिल्याच चढावर मोडला. पुढे बांबू भरलेला ट्रक. बांबूंची टोकं मागे लोंबत होती, ओलांडायला जागा नाही. आम्ही त्याच्यामागे पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने. वारा नाही, चढ उभा, ऊन डोक्यावर. काटा उठला.

"हीटर," नसरीन म्हणाली.

मी सोडला. मागून सोमाबाबांचा शांत आवाज आला, "ही गाडी पाय शेकून देते वाटतं."

"बाबा, तिला थंड करतोय."

"आपल्याला तापवून?"

दोन वळणांनंतर काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ निघाली. एका आंब्याखाली थोडी सपाट जागा होती. तिथे गाडी घेऊन मी इंजिन बंद केलं. ट्रक बांबू हलवत वर निघून गेला. मग फक्त आतल्या पाण्याचा बुडबुडण्याचा आवाज आणि दरीत कुठेतरी एक पक्षी.

तेव्हा मात्र माझं तोंड उतरलं. फोनला रेंज नाही. लग्नसराईत जीपा गच्च भरून जात होत्या. साडी आमच्याकडे, सनई आमच्याकडे, कांदेही आमच्याकडे. आणि हा उत्साह कुणाचा होता तर माझा. इंजिन जाम झालं असतं तर गाडी तिथेच गेली असती. नसरीनने माझ्या हातात करवंदं ठेवली, तिथल्याच जाळीतली, काळी, चिकट. "खा," ती म्हणाली. "निवेपर्यंत विचार कर. पॅनल आहे असं समज."

मी खाता खाता विचार केला. मोटर लागत नाही. चार कारणं: वीज येत नाही, फ्यूज गेला, रिले गेला किंवा मोटरच जळाली. फ्यूज कालच बघितला. उरली तीन.

पहिली मोटर. तीच जळाली असेल तर सगळंच संपलं, म्हणून आधी तेच बघायचं ठरवलं. पंख्याला थेट बॅटरीतून वीज द्यायला वायर हवी होती. नसरीनने न विचारता मांडवाची माळ बाहेर काढली आणि तिच्या टोकाची लांब वायर दातांनी सोलली. ती फार बारीक होती, म्हणून चार पदर एकत्र पिळले. पंख्याचा प्लग काढला, पदर आत टेकवले, आणि मी दुसरं टोक बॅटरीला लावलं.

पंखा घरघरून फिरला. आंब्याखालची सुकी पानं उडाली. वायर लगेच चटका देऊ लागली, म्हणून मी ती सोडली, पण तेवढं पुरे होतं. मी आणि नसरीन एकमेकींच्या गळ्यात पडलो. सोमाबाबा दगडावरून उठून आले. "झालं?"

"नाही बाबा. पण मोटर जिवंत आहे."

"मग झालंच," असं म्हणून ते परत जाऊन बसले.

आता रिले. बॉनेटखाली एक काळी डबी असते, तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चित्रं असतात. पंख्याचं चित्र सापडलं, त्या जागेवरचा रिले सापडला. मी त्यावर बोट ठेवलं, नसरीनने किल्ली फिरवून एसीचं बटण दाबलं. बोटाखाली बारीक 'टक' झालं. म्हणजे हुकूम येत होता आणि रिले तो ऐकतही होता. पण पंखा ढिम्म.

वीज कुठे अडते ते बघायला टेस्टर हवा. माझ्या पर्समध्ये स्क्रू ड्रायव्हरचा टेस्टर कायम असतो. तो लावला, पेटला नाही. मी घाबरले, आणि मग स्वतःवरच हसले. तो घरातल्या विजेचा टेस्टर. गाडीच्या बारा व्होल्टला तो काय पेटणार? मग आतल्या छताचा दिवा काढला, त्याला माळेचेच दोन तुकडे बांधले. रिले उपटून त्याच्या खोबणीत एक टोक घातलं, दुसरं बॅटरीच्या खुंटीला. दिवा लागला. वीज रिलेच्या दारापर्यंत येत होती. रिले आतून 'टक' करत होता. तरी पलीकडे काही जात नव्हतं.

"कॉन्टॅक्ट जळलेत," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

वाक्य म्हणून यात काही नाही. कारखान्यात आम्ही ते शंभरदा म्हटलं असेल. पण त्या घाटात, करवंदाने काळ्या झालेल्या बोटांनी, स्वतःच्या गाडीत डोकं घालून ते म्हणताना माझ्या अंगावर काटा आला.

आता नवा रिले कुठून आणायचा? नसरीन झाकणावरची चित्रं वाचत होती. अचानक ती थांबली. शेजारच्या खोबणीत तसाच रिले, तेवढाच, चार पायांचा, अंगावर आकडेही तेच. त्याच्यापुढे कर्ण्याचं चित्र.

"हॉर्नचा," ती म्हणाली. "लावू?"

"लाव."

तिने हॉर्नचा उपटून पंख्याच्या जागी बसवला. तोवर इंजिन निवलं होतं. टोपण जपून उघडलं तर पाणी बरंच कमी झालं होतं. सोमाबाबांनी वळणावरच्या झऱ्याची जागा दाखवली, तिथून बाटल्या भरून आणल्या आणि ओतल्या. किल्ली फिरवली, एसी लावला. टक. आणि लगेच घर्रर्र. पंखा असा सुटला की नसरीनची ओढणी मागे उडाली. मी दहा वेळा एसी बंद-चालू करून बघितलं, नुसता तो आवाज ऐकायला.

निघालो. काटा मधोमध. पुढच्या आंधळ्या वळणावर मी हॉर्न दाबला आणि हॉर्नने काहीच केलं नाही. अर्थातच. आनंदात ते विसरायलाच झालं होतं. समोरून एक जीप अंगावर आली, दोघांनी ब्रेक मारले, तिच्या ड्रायव्हरने मला जे सांगायचं ते सांगितलं. तो चुकला नव्हता. घाटात हॉर्नशिवाय चढणं म्हणजे डोळे मिटून चढणं.

"थांबून पंख्याचा काढून पुन्हा हॉर्नला लावू?" नसरीनने विचारलं.

"मग तापेल."

मागे कापडाची गाठ सुटल्याचा आवाज आला. सोमाबाबांनी सनई काढली, पत्ती ओठांत धरून ओली केली आणि खिडकी पूर्ण खाली केली. "वळण आलं का सांगा," ते म्हणाले.

पुढच्या वळणाला मी "बाबा, आलं" म्हणाले, आणि त्यांनी सनई खिडकीबाहेर काढून असा एक लांब, चढता सूर सोडला की समोरच्या कड्यावरून तो परत आमच्याकडे आला. समोरून येणारा टेम्पो वळणाच्या पलीकडेच थांबला. ड्रायव्हरने वरात येतेय असं समजून गाडी कडेला घेतली होती. आम्ही शेजारून गेलो तेव्हा त्याने आत वाकून नवरी शोधली. पुढच्या वळणाला परत सूर, त्याच्या पुढच्याला परत. बाबांना पटकन गोडी लागली. साध्या वळणाला ते थोडकं वाजवायचे, तीव्र वळणाला घोळवून. गुरं राखणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. दोन मोटरसायकलवाले आमच्यामागेच लागले, हळू, सगळा घाट. मी आयुष्यात इतकी सावध आणि इतकी खूश एकदम कधी नव्हते.

पाडा

पाड्यावर आमच्याआधी आमचा आवाज पोचला. सनईवाला आला म्हणून सगळे मांडवातून बाहेर, आणि बघतात तर पांढऱ्या गाडीच्या खिडकीतून गुलाबी फेटा आणि सनई. कमल धावत आली. हळद अजून लागायची होती. जात्याशी बसलेल्या बायका गाणं थांबवून आमच्याकडे बघत होत्या.

मी साडी तिच्या हातात दिली. तिने ती उलगडली नाही, आधी नाकाशी धरली. मग काठावरून बोट फिरवत गेली आणि त्या सरकलेल्या जागी थांबली. नसरीनने तिला खोकल्याचं सांगितलं. कमल हसायला लागली आणि हसता हसता रडली, आणि तिची आई म्हणाली की नवरीला आत्ताच रडवू नका, उद्याचं उद्या.

आमच्याकडे लग्नात पाहुणा खुर्चीवर बसतो आणि जेवणाची रांग कुठे आहे ते बघतो. इथे बसायचं म्हणजे काम करत बसायचं. पाय धुतले न धुतले तोच माझ्यासमोर विळी आली आणि मी लासलगावचे कांदे चिरत बसले. नसरीन तांदूळ निवडत होती. नाचणीच्या भाकरी, उडदाची आमटी, डोंगरातल्या कैऱ्यांची चटणी. इतकी भूक लागली होती की मी वाढणाऱ्या काकूंना दुसऱ्यांदा ताट पुढे करताना लाजलेही नाही.

हळद लागली. पिवळ्या साडीत, पिवळ्या तोंडाने कमल पाटावर बसली होती. नाच सुरू झाला, हातात हात घालून म्हातारे-तरणे सगळे एका गोलात. तेवढ्यात तिने मला खूण करून जवळ बोलावलं.

"जळलेला कुठाय?"

"काय?"

"रिले. दाखव ना."

माझ्या पर्समध्येच होता. तिने हळदीच्या बोटांनी त्याचं कव्हर उचकटलं, दिव्याकडे धरलं, एक डोळा मिटला. आम्ही तिघी डोकी जोडून बघत होतो. आत चकचकीत असायला हवेत ते दोन ठिपके काळे ठिक्कर पडले होते.

"मेलाय," कमल समाधानाने म्हणाली. तिच्या मावशीने तिला मान सरळ ठेवायला सांगून डबी काढून घेतली.

वरात

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. जेवणं झाली, आणि पाठवणीच्या वेळेस कमलचे वडील माझ्याकडे आले. ते फार कमी बोलतात. दोन दिवसांत मी त्यांच्या तोंडून चार-पाच वाक्यं ऐकली असतील. नवरदेवाचं गाव पेठच्या बाजूला, मध्ये एक खिंड. त्यांनी नवरीसाठी जीप ठरवलेली होती आणि ती दारात उभीही होती.

"लेक म्हणते तुमच्या गाडीत जाईन," ते म्हणाले. "जमेल?"

मला वाटलं नाही म्हणावं. जुनी गाडी, हॉर्न नाही, काल घाटात वाफ काढत उभी होती. हे सगळं मी त्यांना सांगितलं, काही न लपवता. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला, आणि झेंडूची माळ आणायला माणूस पाठवला.

जीप पुढे निघाली, त्यात सोमाबाबा आणि वऱ्हाडी. मागे आम्ही. नसरीन माझ्या शेजारी, मागे नवरदेव आणि कमल, आणि कमलला बिलगून तिची करवली. पाड्याबाहेर पडेपर्यंत बायका गाडीला धरून चालत होत्या. कमल रडत होती. सातपूरला पगार कापला तेव्हा, मशीनवर बोट चिरलं तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आज तिचं रडणं थांबतच नव्हतं. नवरदेव बिचारा हातात पाण्याची बाटली धरून बसला होता, द्यावी की नको हे त्याला कळत नव्हतं.

खिंडीच्या चढावर पुढे गुरांचा कळप आला. जीप थांबली, आम्ही थांबलो. गाई रस्ता सोडेनात. ऊन कलतीला लागलं होतं, पण डांबर अजून तापलेलं होतं, आणि चढावर पाच माणसं घेऊन गाडी उभी होती. मी काट्याकडे पाहिलं. तो उठला. मध्य ओलांडला. नसरीननेही पाहिलं. मागचं रडणं एकदम थांबलं. आरशात बघितलं तर कमल दोन सीटांच्या मधून पुढे वाकली होती, मुंडावळ्या एका हाताने बाजूला धरून, डोळे काट्यावर, मान किंचित कललेली. कारखान्यात नवं पॅनल पहिल्यांदा चालू करताना ती अशीच वाकायची.

काटा आणखी थोडा सरकला. मग बॉनेटखाली बारीक टक झालं, आणि घरघर सुरू झाली.

"लागला," कमल म्हणाली. तिने डोळे पुसले, मागे टेकून बसली, आणि नवऱ्याच्या हातातली बाटली घेतली.